कॅलिब्रेशनच्या आधीचा आकडा

बंगळुरूतल्या कुठल्याही मोठ्या अपार्टमेंटच्या बेसमेंटमध्ये उतरलं की खांबांवर आणि भिंतींवर मुठीएवढे धातूचे डबे दिसतात. खाली तोंड करून बसवलेली जाळी आणि पुढे एक हिरवा दिवा. पार्किंगमध्ये कार्बन मोनॉक्साइडसाठी, सिलिंडरांच्या गॅस बँकेपाशी एलपीजीसाठी, एसटीपीच्या म्हणजे सांडपाणी शुद्धीकरणाच्या खोलीत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेनसाठी, यूपीएसच्या बॅटऱ्यांजवळ हायड्रोजनसाठी. बिल्डरनं ताबा देताना दिलेल्या फाइलमध्ये त्यांची यादी असते, एएमसीच्या म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारात त्यांचा उल्लेख असतो, आणि दरवर्षी एक कॅलिब्रेशनचं, म्हणजे माप जुळवून घेतल्याचं, सर्टिफिकेट येऊन त्या फाइलमध्ये पडतं. माझं म्हणणं असं की या सगळ्या कागदांवरून आपली इमारत सुरक्षित आहे की नाही हे मुळीच कळत नाही. ते कळवणारा एकच आकडा आहे. डिटेक्टरला हात लावण्याआधी, त्याला ठरावीक प्रमाणाचा खरा गॅस दिल्यावर पॅनेलवर जो उमटतो तो. आणि नेमका तोच आकडा बहुतेक ठिकाणी कुणी लिहून ठेवत नाही.

हिरव्या दिव्याबद्दल आधी. तो फक्त वीज येत असल्याचं सांगतो. सेन्सरकडून पॅनेलकडे जाणारा सिग्नल साधारणपणे ४ ते २० मिलिअँपिअरचा असतो. हवेत गॅस नसेल तेव्हा शून्य न पाठवता ४ मिलिअँपिअर पाठवायचे, असा उद्योगातला जुना संकेत आहे. म्हणजे वायर तुटली, उंदरानं कुरतडली, जोडणी सुटली, की प्रवाह खरोखरच शून्य होतो आणि पॅनेल लगेच ‘फॉल्ट’ दाखवतं. हवा स्वच्छ असणं आणि यंत्र बंद पडणं या दोन गोष्टी एकमेकींत मिसळू नयेत म्हणून कुणीतरी फार विचारपूर्वक केलेली ही सोय आहे. पण ती तारेपुरतीच आहे. तारेच्या टोकाला जो सेन्सर बसलाय, तो आंधळा झाला तर या सोयीला त्याचा पत्ता लागत नाही.

ज्वलनशील गॅससाठी आपल्याकडे सर्रास वापरतात तो पेलिस्टर घ्या. १९६० च्या आसपास ब्रिटनमधल्या कोळसा खाणींच्या सुरक्षेवरच्या संशोधनातून तो आला. आत प्लॅटिनमच्या बारीक तारेभोवती एक छोटा मणी असतो, त्यावर उत्प्रेरकाचा थर. मणी काहीशे अंशांपर्यंत तापवलेला असतो. गॅस त्याच्यावर येऊन जळतो, मणी आणखी तापतो, तारेचा विद्युतरोध बदलतो, आणि शेजारच्या निष्क्रिय मण्याशी तुलना करून गॅसचं प्रमाण काढलं जातं. आता या उत्प्रेरकाला सिलिकॉनची वाफ लागली तर त्याच्यावर एक पातळ कवच चढतं. सिलिकॉन कुठून येणार? पावसाळ्यात बेसमेंट गळायला लागलं की वॉटरप्रूफिंगवाले सीलंटच्या ट्यूबा घेऊन येतात, तिथून. काचा बसवणाऱ्यांकडून, पॉलिशमधून, वंगणाच्या स्प्रेमधून. मणी मेला तरी प्लॅटिनमची तार शाबूत असते, मंडल समतोल असतं, आणि पॅनेलकडे अगदी शिस्तीत ४ मिलिअँपिअर जात राहतात. हिरवा दिवा चालू, पॅनेलवर शून्य, फॉल्ट नाही. स्वच्छ हवेतल्या धडधाकट डिटेक्टरमध्ये आणि याच्यात बाहेरून काडीचा फरक दिसत नाही. एसटीपीच्या खोलीत तर आणखी वाईट, कारण तिथला हायड्रोजन सल्फाइडच या मण्याला निकामी करत असतो. कार्बन मोनॉक्साइडसाठी वापरतात त्या इलेक्ट्रोकेमिकल सेलचं मरण वेगळं, पण तेवढंच मुकं. आतलं द्रव सुकत जातं, दोन-तीन वर्षांत सेल थकतो, आणि थकलेला सेल शून्यच दाखवतो.

इन्फ्रारेड सेन्सर घेतला की ही कटकट संपते, असं विक्रेते सांगतात. त्यात तथ्य आहे. त्याचा दिवा गेला किंवा भिंग काळवंडलं तर तो स्वतःहून फॉल्ट देतो. पण जाळीवर रंगाऱ्यानं ब्रश फिरवला असेल, किंवा रंगकामाच्या वेळी धूळ बसू नये म्हणून बांधलेली प्लॅस्टिकची पिशवी काढायची राहून गेली असेल, तर गॅस आत पोचणारच नाही आणि इन्फ्रारेड बिचारा स्वच्छ हवा मोजत बसेल. हायड्रोजन तर त्याला दिसतच नाही. शिवाय बंगळुरू समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून उंच आहे, इथला हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा साधारण एक दशांशानं कमी. दाबाची भरपाई नसलेला इन्फ्रारेड सेन्सर मुंबईत कॅलिब्रेट करून इथं आणून लावला तर तो त्या प्रमाणात कमीच दाखवणार. जिथं वापरायचं तिथंच तपासायचं, याला पर्याय नाही.

या शहरात आणखी एक पदर आहे, आणि त्याकडे फार कमी लोकांचं लक्ष गेलंय. रत्नागिरी जिल्ह्यातल्या दाभोळहून बंगळुरूपर्यंत येणारी गेलची पाइपलाइन २०१३ मध्ये सुरू झाली. त्यानंतर हळूहळू अपार्टमेंटांमधून पाइपचा नैसर्गिक वायू यायला लागला. ज्या इमारतींत आधी सिलिंडरांची बँक होती आणि तिथून घरोघर नळीनं एलपीजी जायचा, त्यांतल्या अनेकांनी हा बदल स्वीकारला. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत पसरतो, म्हणून त्याचे डिटेक्टर फरशीच्या जवळ लावतात. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. तो हलका, छताकडे जाऊन साचतो. एलपीजी हवेत सुमारे दोन टक्के झाला की पेट घेऊ शकतो, मिथेनला सुमारे पाच टक्के लागतात; हीच त्यांची स्फोटाची किमान मर्यादा. म्हणजे गॅस बदलला की डिटेक्टरची जागा बदलायला हवी, कॅलिब्रेशन बदलायला हवं, पॅनेलवरची मापं बदलायला हवीत. तुमच्या इमारतीत गॅस बदलला असेल तर खाली जाऊन एकदा बघा, डिटेक्टर अजून फरशीपासून वीतभर उंचीवरच आहे का. असेल तर तो पूर्णपणे ठणठणीत असूनही उपयोगाचा नाही.

आता चाचणी कशी होते ते. वर्षातून एकदा एएमसीचा माणूस येतो, पॅनेलवरचं टेस्ट बटण दाबतो, हूटर वाजतो, दिवे लागतात, सही होते. हे बटण फक्त हूटर आणि दिवे तपासतं. सेन्सरपर्यंत त्याचा काही संबंध पोचत नाही. थोडा उत्साही माणूस असेल तर खिशातून सिगरेटचा लायटर काढतो, न पेटवता जाळीपाशी धरतो, अलार्म वाजतो, आणि बघणाऱ्याची खात्री पटते. ही पद्धत बटणापेक्षाही वाईट आहे, कारण ती खोटा विश्वास देते. लायटरमधून येतो तो जवळजवळ शुद्ध ब्यूटेन, स्फोटाच्या किमान मर्यादेच्या कितीतरी पट. तेवढ्या माऱ्यानं सेन्सर बिघडू शकतो. त्याहून मोठी गोम अशी की सगळ्या सामान्य ज्वलनशील वायूंमध्ये मिथेन जाळायला सर्वांत अवघड. अर्धवट निकामी झालेला मणी ब्यूटेनला ओळखतो, प्रोपेनला ओळखतो, आणि मिथेनला मात्र ओळखत नाही. लायटरच्या परीक्षेत पहिला येणारा डिटेक्टर खऱ्या गळतीच्या वेळी गप्प बसू शकतो.

नीट चाचणी कशी दिसते, ते व्हाइटफील्डच्या बाजूच्या एका अपार्टमेंटमध्ये जवळून बघायला मिळालं. मूळचा बेळगावचा तरुण तंत्रज्ञ होता, त्यामुळे मराठीत बोलणं झालं. त्याच्याकडे हातात मावेल असा अॅल्युमिनियमचा सिलिंडर होता, त्यावर गॅसचं नाव, प्रमाण आणि मुदत छापलेली. ती मुदत त्यानं आधी मला वाचून दाखवली, कारण मुदत संपलेल्या सिलिंडरमधल्या गॅसचं प्रमाण भरवशाचं राहत नाही. सिलिंडरवर मिनिटाला अर्धा लिटर सोडणारा रेग्युलेटर, त्याला नळी, नळीच्या टोकाला डिटेक्टरच्या तोंडावर घट्ट बसणारी रबरी टोपी. पॅनेलपाशी उभ्या असलेल्या जोडीदाराला फोन लावून त्यानं शिडीवरून टोपी बसवली आणि गॅस सोडला. पॅनेलवरचा आकडा सावकाश चढला आणि जिथं पोचायला हवा होता त्याच्या बराच अलीकडे थांबला. मग त्यानं डिटेक्टर उघडला, स्पॅन म्हणजे वाढीचं माप जुळवलं, आकडा बरोबर जागी आणला, आणि फॉर्ममध्ये तो बरोबर आलेला आकडा लिहिला. मी विचारलं, पहिला आकडा का नाही लिहिला? तो म्हणाला, “काका, लिहू कुठं? फॉर्मात त्याला रकानाच नाही.”

तो रकाना नसणं हाच माझ्या मते सगळ्या विषयाचा गाभा आहे. हिशेब करून बघू. समजा डिटेक्टरला स्फोटमर्यादेच्या ५० टक्के एवढा मिथेन दिला आणि पॅनेलवर १८ आले. पहिला अलार्म सहसा २० टक्क्यांवर लावलेला असतो. या डिटेक्टरला २० दाखवायला खोलीत प्रत्यक्षात ५५ टक्क्यांहून जास्त गॅस साचावा लागेल. दुसरा अलार्म, ज्यावर गॅसचा व्हॉल्व्ह बंद व्हायचा तो, ४० वर असेल तर तोपर्यंत मर्यादा ओलांडून गेलेली असेल. म्हणजे मागच्या चाचणीपासून आजपर्यंतच्या काळात कधीतरी, कोणत्या महिन्यात ते कुणालाच माहीत नाही, ही इमारत उघडी पडली होती. तंत्रज्ञानं स्क्रू फिरवून १८ चे ५० केले, हे योग्यच केलं. पण सर्टिफिकेटवर फक्त ५० लिहिल्यामुळे तो सगळा काळ पुसला गेला. कमिटीला वाटणार, डिटेक्टर उत्तम आहे, पुढच्या वर्षी बघू. प्रत्यक्षात तो डिटेक्टर वर्षभर टिकत नाही, तिथं काहीतरी त्याला मारतंय, हे सांगणारा एकमेव पुरावा कचऱ्यात गेला.

चाचणी किती महिन्यांनी करायची, या प्रश्नाचं उत्तरही याच आकड्यात आहे. कुणी म्हणतं वर्षातून एकदा, कुणी म्हणतं सहा महिन्यांनी, आणि भांडण शेवटी एएमसीच्या कोटेशनवर येऊन थांबतं. नवा डिटेक्टर बसवला की दर तीन महिन्यांनी गॅस देऊन बघावा. हात लावण्याआधीचा आकडा लागोपाठ बरोबर येत असेल तर अंतर वाढवावं. घसरलेला आला तर कमी करावं आणि कारण शोधावं. गॅस बँकेतला डिटेक्टर आणि एसटीपीतला डिटेक्टर एकाच वेळापत्रकावर चालवण्यात काही शहाणपण नाही, कारण दोघांचं जगणं वेगळं आहे. हे ठरवायला बाहेरच्या तज्ज्ञाची गरज नाही. आधीच्या आकड्यांची एक वही पुरते.

आकड्यावर काम संपत नाही, हेही खरं. डिटेक्टरनं ओरडून काय होणार, तर पंखे सुरू व्हायला हवेत, सोलेनॉइड व्हॉल्व्ह बंद व्हायला हवा, कुणीतरी धावायला हवं. कितीतरी बेसमेंटांत पंख्यांचं पॅनेल ‘मॅन्युअल’वर असतं. विजेचं बिल वाढतं, आवाज पहिल्या मजल्यावर जातो, तक्रारी येतात, म्हणून कुणीतरी एकदा स्विच फिरवलेला असतो. म्हणून चाचणीत गॅस द्यायचा तो शेवटपर्यंत बघायचा: पंखा फिरला का, व्हॉल्व्ह बसला का, गेटवरच्या गार्डला कळलं का. आणि मग सगळं पूर्ववत केलं का. ही शेवटची पायरी क्षुल्लक वाटते, पण ती राहून गेली की काय होतं याचं एक उदाहरण आहे. ११ डिसेंबर २००५ ला इंग्लंडमधल्या बन्सफील्ड इथल्या तेलसाठ्यात एक टाकी भरून वाहिली. टाकीची पातळी दाखवणारा मापक अडकला होता. त्याआधीच्या काही महिन्यांत तो १४ वेळा अडकला होता. त्याच्यावरचा राखीव स्विच चालायलाच हवा होता, पण त्याची चाचणी घेण्याचा दांडा कामाच्या जागी धरून ठेवणारं कुलूप लावलेलंच नव्हतं, कारण ते कुलूप कशासाठी आहे हेच तिथल्यांना नीट कळलेलं नव्हतं. अडीच लाख लिटरहून जास्त पेट्रोल वाहून गेलं आणि पहाटे प्रचंड स्फोट झाला. रविवारची पहाट होती म्हणून कुणी मेलं नाही. आपल्याकडे चाचणीच्या वेळी हूटर सारखा वाजू नये म्हणून पॅनेल ‘इनहिबिट’वर टाकतात, म्हणजे अलार्म तात्पुरता अडवून ठेवतात. चाचणी संपल्यावर ते परत काढलं, हे दुसऱ्या माणसानं बघून सही करायला हवी.

खोट्या अलार्मची तक्रार मी हलकी मानत नाही. सॅनिटायझरनं फरशी पुसली, ओला रंग दिला, शेजारी बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सुटला, की कार्बन मोनॉक्साइडचा सेल फसतो. रात्री दोनला तीन वेळा हूटर वाजला की चौथ्या वेळी गार्ड किल्ली फिरवून आवाज बंद करणार, आणि त्याला दोष देता येणार नाही, कारण त्याला याहून वेगळं काही करायला कुणी शिकवलेलंच नाही. यावर इलाज आवाज कमी करण्याचा नाही. प्रत्येक अलार्मची वेळ, जागा आणि सापडलेलं कारण लिहिण्याचा आहे. चार-सहा नोंदी झाल्या की बॅटरीची खोली किंवा फरशी पुसायची वेळ आपोआप पुढे येते.

“गळती झाली तर वास येतोच की,” असंही ऐकू येतं. एलपीजीत आणि पाइपच्या गॅसमध्ये वासाचं द्रव्य मिसळतात, हे बरोबर. पण झोपलेल्या माणसाला वास येत नाही, रिकाम्या बेसमेंटला नाक नसतं, कार्बन मोनॉक्साइडला वासच नाही. हायड्रोजन सल्फाइडला थोडा असताना सडक्या अंड्यासारखा घाण वास येतो, पण सुमारे १०० पीपीएमच्या पुढे तो नाकच बधिर करतो. वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो तेव्हाच धोका सर्वांत जास्त असतो. भोपाळच्या कारखान्यात गळती कळायची ती मुख्यतः कामगारांच्या डोळ्यांची आग व्हायला लागल्यावर. २ डिसेंबर १९८४ च्या रात्रीही पहिली खबर डोळ्यांनीच दिली होती. माणसाच्या अवयवांना डिटेक्टर म्हणून वापरण्याचा परिणाम या देशानं पाहिलेला आहे.

हे सगळं मी पोटतिडकीनं लिहितोय त्याचं खरं कारण बेसमेंटमध्ये कोण असतं, हे आहे. मेंटेनन्स भरणारे आपण दहाव्या मजल्यावर राहतो, पार्किंगमधून लिफ्टपर्यंत दोन मिनिटं चालतो. गार्ड तिथं बारा तास बसतो. गाड्या धुणारा पहाटेपासून असतो. एसटीपीचा ऑपरेटर त्या खोलीतच डबा खातो. या माणसांना कमिटीत मत नाही आणि डिटेक्टर मेलेला आहे हे समजायचा मार्गही नाही. जानेवारी २०१८ मध्ये एचएसआर लेआउटच्या बाजूला सोमसुंदरपाळ्यात एका अपार्टमेंटच्या एसटीपीत तीन माणसं गुदमरून मेली. अशा घटनांत बहुतेकदा एक जण आत कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेले त्याच्यामागे जातात. माणसाला टाकीत उतरवून असं धोक्याचं काम करून घ्यायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली आणि २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ती तीस लाख केली. माणसाकडून असं काम करून घेण्याविरुद्धच्या लढ्यातलं मोठं नाव बेझवाडा विल्सन यांचं, आणि ते बंगळुरूपासून जवळच्या कोलार गोल्ड फील्ड्सचे. भिंतीवरचा डिटेक्टर टाकीत उतरण्याचा परवाना देत नाही, हे इथं ठामपणे सांगायला हवं. टाकीचं काम यंत्रानंच व्हायला पाहिजे. पण एसटीपीची खोली हीच रोज कुणाची तरी कामाची जागा असते, आणि तिथला डिटेक्टर चालतो की नाही हे दाराबाहेर, आत पाय टाकण्याआधी दिसायला हवं. पॅनेल तळमजल्यावरच्या ऑफिसात ठेवून भागत नाही.

अग्निशमन दलानं दाखल्याच्या वेळी आधीचे आकडे मागावेत, ही अपेक्षा रास्त आहे, पण सरकारी खात्याची वाट बघत बसण्याचं कारण नाही. २३ फेब्रुवारी २०१० ला ओल्ड एअरपोर्ट रोडवरच्या कार्ल्टन टॉवर्सला आग लागली, धुरानं नऊ जण गेले, आणि बाहेर पडायच्या वाटा अडवलेल्या होत्या. त्यांच्या कुटुंबांनी ‘बियाँड कार्ल्टन’ नावाचा गट उभारला आणि इमारतींच्या सुरक्षेचे प्रश्न विचारायला सुरुवात केली. सामान्य रहिवासी तांत्रिक प्रश्न विचारू शकतात, हे या शहरात सिद्ध झालेलं आहे.

कमिट्यांमध्ये हा मुद्दा काढला की शेवटी एक अडचण हळू आवाजात सांगितली जाते. वाईट आकडा लिहिला आणि उद्या काही झालं तर तोच कागद आपल्यावर उलटेल, तेव्हा रकाना नसलेलाच बरा. ही भीती प्रामाणिक आहे, म्हणून तिला उत्तर द्यायला हवं. घसरलेला आकडा, त्याची तारीख, त्याच दिवशी केलेली दुरुस्ती आणि कमी केलेलं अंतर, हे चार तपशील एका ओळीत असतील तर तो काळजी घेतल्याचा पुरावा होतो. ओळीनं दहा सर्टिफिकेटं आणि प्रत्येकावर एकसारखे ५०, हे मात्र कुठल्याही जाणकार तपासनिसाला लगेच खटकतं, कारण खरे सेन्सर इतके सारखे कधीच वागत नाहीत. म्हणून येत्या वार्षिक सभेत ठराव असा यावा: एएमसीच्या फॉर्मात हात लावण्याआधीचा आकडा, कॅलिब्रेशन सिलिंडरची मुदत आणि पंखा किंवा व्हॉल्व्ह प्रत्यक्ष चालल्याची नोंद असे तीन रकाने वाढवावेत; चाचणीच्या वेळी कमिटीचा एक सदस्य आणि त्या जागी काम करणारा एक माणूस हजर असावा; आणि भरलेल्या फॉर्मची प्रत एसटीपीच्या आणि गॅस बँकेच्या दारावर, तिथल्या माणसाला वाचता येईल अशा भाषेत लावावी.